परदेशी विद्यापीठाच्या मुलाखतीपूर्वी पगाराचा अभ्यास कसा करावा

परदेशातील विद्यापीठाकडून मुलाखतीचे बोलावणे आले की आपल्याकडचा उमेदवार व्याख्यानाची तयारी करतो, संशोधनाचा आराखडा घोटून घेतो, निवड समितीतील प्रत्येकाचे लेख वाचून काढतो आणि पगाराचा विषय मात्र ‘देतील ते ठीकच असेल’ म्हणून बाजूला ठेवतो. यामागे संकोच असतोच, पण त्याहून अधिक सवय असते. शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयात पगार ठरवायचा नसतो, तो ठरलेलाच असतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून, सहयोगी प्राध्यापकाचे १,३१,४०० पासून आणि प्राध्यापकाचे १,४४,२०० पासून सुरू होते, वर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता चढतो, आणि मुलाखतीत त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांच्या बाबतीत तर तासाचा दरही शासन निर्णयानेच येतो. अशा व्यवस्थेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला पगाराचाही अभ्यास करावा लागतो हे पटायला वेळ लागतो.

हा अभ्यास म्हणजे एखाद्या संकेतस्थळावरचा सरासरी आकडा पाहून त्याला डॉलरच्या भावाने गुणणे नव्हे. तो आकडा किती महिन्यांच्या कामाचा आहे, कोणत्या पदाचा आणि कोणत्या विषयाचा आहे, त्यातला कोणता भाग तक्त्याने बांधलेला आहे आणि कोणता बोलणीने हलतो, हे उलगडणे म्हणजे अभ्यास. देशागणिक याची उत्तरे वेगळी आहेत, म्हणून पद्धतही देशागणिक वेगळी ठेवावी लागते.

आधी पद नेमके ओळखावे

मराठीत महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणालाही आपण प्राध्यापक म्हणतो, आणि हीच सवय शोध घेताना पहिली चूक घडवते. ब्रिटनमधील ‘प्रोफेसर’चा पगार शोधून कोणी ‘लेक्चरर’च्या मुलाखतीला गेला, तर त्याची अपेक्षा वास्तवाच्या खूप वर जाईल. याउलट, अमेरिकेत ‘लेक्चरर’ ही बहुधा केवळ अध्यापनाची आणि ठरावीक मुदतीची नेमणूक असते, तर ब्रिटनमध्ये त्याच नावाचे पद साधारणपणे अमेरिकेतील टेन्युअर-ट्रॅक, म्हणजे कायम होण्याच्या वाटेवरच्या, असिस्टंट प्रोफेसरच्या तोडीचे असते. आपल्या जुन्या मराठी परिभाषेतील अधिव्याख्याता, प्रपाठक आणि प्राध्यापक ही उतरंड ब्रिटनच्या लेक्चरर, रीडर आणि प्रोफेसर या उतरंडीशी जुळते. सहायक, सहयोगी आणि प्राध्यापक ही आजची उतरंड अमेरिकी वळणाची आहे. जाहिरातीतील पदनाम, श्रेणीचा क्रमांक आणि नेमणूक कायम की मुदतीची, या तीन गोष्टी कागदावर उतरवून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अमेरिका: नऊ महिने, बारा महिने

अमेरिकेबाबत बहुतेकांना वाटते त्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती उघड आहे. अनेक राज्यांत सार्वजनिक विद्यापीठाचा कर्मचारी हा राज्याचाच कर्मचारी मानला जातो आणि त्याचा पगार नावानिशी पाहता येतो. टेक्सासमधील सरकारी पगारांची शोधता येणारी यादी ‘टेक्सास ट्रिब्यून’ हे वृत्तसंकेतस्थळ चालवते, कॅलिफोर्नियासाठी ‘ट्रान्सपरंट कॅलिफोर्निया’ आहे, मिशिगन विद्यापीठ दरवर्षी स्वतःच पगारांचा अहवाल काढते आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने आपल्या कॅम्पसांसाठी वेगळे पान ठेवले आहे.

हे शेवटचे पान जरा जवळून पाहू, कारण फसगत कुठे होते ते तिथे स्पष्ट दिसते. एका ओळीत वर्ष, कॅम्पस, नाव आणि पदनाम असते. पुढे एकूण वेतन, नियमित वेतन, जादा कामाचे वेतन आणि ‘इतर’ वेतन असे रकाने असतात. पदनामाच्या शेवटी ‘एवाय’ असेल तर नेमणूक शैक्षणिक वर्षाची, म्हणजे नऊ महिन्यांच्या कामाची असते. ‘एफवाय’ असेल तर ती पूर्ण आर्थिक वर्षाची. त्यापुढे ‘बी/ई/ई’ अशी अक्षरे असतील तर ती व्यक्ती व्यवसाय प्रशासन, अर्थशास्त्र किंवा अभियांत्रिकी या विभागांतील असते, आणि या विभागांसाठी वेगळा, वरचा तक्ता आहे. इतिहासाच्या उमेदवाराने ‘बी/ई/ई’ची ओळ पाहून अपेक्षा बांधली तर ती चुकलीच म्हणून समजावे.

दुसरी फसगत वर्षाची. ही यादी कॅलेंडर वर्षाची असते आणि नवी नेमणूक साधारणपणे १ जुलैपासून लागू होते. त्यामुळे नुकत्याच लागलेल्या सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या वर्षापुढे अर्ध्याच वर्षाचा पगार दिसतो. माझ्या ओळखीच्या एका उमेदवाराने असाच अर्धा आकडा पूर्ण मानला आणि ‘एवढ्यासाठी कोण जाईल’ म्हणून अर्जच मागे घेण्याची तयारी केली होती. दुसऱ्या वर्षाची ओळ पाहिल्यावर त्याने ती कल्पना सोडून दिली. म्हणून एकाच व्यक्तीची सलग तीन वर्षे पाहावीत, आणि व्यक्ती निवडताना गेल्या चार-पाच वर्षांत त्याच विभागात त्याच पदावर लागलेल्यांना प्राधान्य द्यावे. पंचवीस वर्षे मुरलेल्या प्राध्यापकाचा पगार नवख्याच्या काही कामाचा नसतो.

तिसरी गोष्ट ‘इतर’ या रकान्याची. नऊ महिन्यांच्या नेमणुकीत उन्हाळ्याचे महिने मोकळे असतात आणि त्यांचा पगार संशोधन अनुदानातून किंवा उन्हाळी अध्यापनातून मिळवावा लागतो. दर महिन्याला मूळ पगाराचा नववा हिस्सा, असा हिशेब असतो. समजा मूळ पगार ९९,००० डॉलर आहे. मग एक महिना ११,००० डॉलरचा झाला, आणि अनुदानातून दोन महिने मिळाले तर वर्षाला २२,००० ची भर पडून आकडा १,२१,००० वर जातो. तेव्हा यादीत १,२१,००० पाहून तोच मूळ पगार समजणे, किंवा पत्रातील ९९,००० म्हणजे बारा महिन्यांची पूर्ण कमाई समजणे, ही दोन्ही टोके टाळावीत. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानांतून एका वर्षात सर्वसाधारणपणे दोन महिन्यांपेक्षा अधिक पगार घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. पुष्कळ विद्यापीठे नऊ महिन्यांचा पगार बारा हप्त्यांत वाटून देतात. त्याने मासिक रक्कम लहान दिसते, वार्षिक तीच राहते.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे पदनिहाय वेतनतक्तेही उघड आहेत. मात्र प्रत्यक्षात अनेकांना तक्त्याहून वरची रक्कम, ज्याला तिथे ‘ऑफ-स्केल’ म्हणतात, मिळते. तक्ता म्हणजे जमीन आणि यादीतील प्रत्यक्ष वेतन म्हणजे छप्पर. आपली जागा या दोहोंच्या मधे शोधायची असते.

खासगी विद्यापीठांत ही सोय नाही. ना-नफा संस्थांना आयकर खात्याकडे भरावा लागणारा ९९० क्रमांकाचा नमुना ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर वाचता येतो, पण त्यात अध्यक्ष, पदाधिकारी आणि सर्वाधिक पगाराचे मोजके कर्मचारीच असतात. तो वाचून मनोरंजन होते, सहायक प्राध्यापकाचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी भारतीय उमेदवाराने एक वेगळे दार ठोठवावे. एच-१बी व्हिसावर माणूस घेण्यापूर्वी मालकाला अमेरिकेच्या श्रम विभागाकडे पदाचे नाव, ठिकाण, देऊ केलेला पगार आणि त्या भागातील प्रचलित वेतन नमूद करून अर्ज करावा लागतो. या अर्जांची माहिती श्रम विभाग दर तिमाहीला तक्त्याच्या रूपात प्रसिद्ध करतो. उमेदवाराचे नाव त्यात नसते, मालकाचे असते, आणि मालकांत खासगी विद्यापीठेही येतात. फाईल अवाढव्य असते, म्हणून मालकाच्या नावाने गाळणी लावावी आणि मग व्यवसाय-संकेतांकाकडे पाहावे: २५-१ ने सुरू होणारे संकेतांक उच्च शिक्षणातील शिक्षकांचे असतात आणि त्यांत २५-१०२१ संगणकशास्त्राचा आहे. इथेही दोन सावधगिऱ्या हव्यात. पगार ‘पासून-पर्यंत’ अशा दोन रकान्यांत असतो आणि पुष्कळदा खालचाच भरलेला असतो. शिवाय तो नऊ महिन्यांचा की बारा महिन्यांचा, हे त्या ओळीवरून नेहमी कळत नाही.

सरासरीचे आकडे सर्वांत शेवटी घ्यावेत. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स ही १९१५ साली स्थापन झालेली संस्था दरवर्षी संस्थानिहाय आणि पदनिहाय सरासरी वेतन प्रसिद्ध करते. त्यात वैद्यकीय विद्याशाखा धरलेली नसते, पण बाकी सारे विषय एकत्र असतात, आणि वित्तशास्त्र व तत्त्वज्ञान यांची सरासरी दोघांनाही लागू पडत नाही. विषयवार आकड्यांसाठी त्या त्या विषयाच्या संघटनेकडे वळावे. संगणकशास्त्रात कॉम्प्युटिंग रिसर्च असोसिएशनचे टॉलबी सर्वेक्षण आहे, गणितात अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे. कर्मचाऱ्यांनी स्वतःहून निनावी भरलेल्या आकड्यांच्या संकेतस्थळांवर माझा फारसा विश्वास नाही: एका विद्यापीठाच्या एका पदापुढे चार नोंदी असतात, आणि त्यांतल्या दोन पोस्ट-डॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या मुदतीच्या संशोधनपदाच्या, निघतात.

जाहिरातीही आता अधिक बोलक्या झाल्या आहेत. कोलोरॅडोत २०२१ पासून आणि कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन राज्यांत २०२३ पासून पगाराची कक्षा जाहिरातीत देणे मालकांवर बंधनकारक आहे. ही कक्षा कधी कधी इतकी रुंद असते की तिच्यातून बैलगाडी जावी. तरीही खालचे टोक खरे मानून चालायला हरकत नाही.

ब्रिटन: एक्कावन्न पायऱ्यांची शिडी

ब्रिटनमध्ये काम बरेच सोपे आहे. बहुतेक विद्यापीठे ५१ बिंदूंची एक समान वेतनशिडी वापरतात. तिच्यावरील रकमा मालकांची संघटना आणि कामगार संघटना यांच्या राष्ट्रीय वाटाघाटींतून दरवर्षी सुधारल्या जातात. शिडी एक असली तरी श्रेणी कुठून कुठपर्यंत हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते, त्यामुळे एका ठिकाणची सातवी श्रेणी दुसरीकडच्या आठवीच्या बरोबरीची असू शकते. विद्यापीठाचा तक्ता त्याच्या मनुष्यबळ विभागाच्या पानावर असतो आणि जाहिरातीत कक्षा छापलेलीच असते. उमेदवाराने शोधायचे ते एवढेच की आपण त्या श्रेणीच्या कोणत्या बिंदूवर उतरणार. नियमाने नवा माणूस तळच्या बिंदूवर येतो. तीन-चार बिंदू वर जायचे असेल तर त्याचे कारण लेखी द्यावे लागते, आणि भारतातील आठ वर्षांचे पूर्णवेळ अध्यापन हे भक्कम कारण आहे. लंडनमध्ये वेगळा भत्ता असतो, पण तो जाहिरातीतील रकमेत धरला आहे की वेगळा, हे पाहावे.

प्रोफेसर हे पद मात्र या शिडीच्या वर, तिच्याबाहेर असते, आणि तिथे विद्यापीठे स्वतःचे पट्टे ठेवतात. पट्टे प्रसिद्ध नसतील तर ब्रिटनच्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली ते मागता येतात. आपला माहितीचा अधिकार आणि हा कायदा दोन्ही २००५ पासून पूर्णपणे अमलात आले, आणि ब्रिटनचा कायदा अर्जदाराकडे नागरिकत्व मागत नाही. नागपुरात बसून ई-मेल केला तरी चालतो. उत्तरासाठी वीस कामाच्या दिवसांची मुदत असते, तेव्हा बोलावण्याची वाट न पाहता अर्ज भरतानाच ही मागणी करावी. एकेकट्या व्यक्तीचा पगार मिळणार नाही, पट्ट्यांच्या मर्यादा मिळतील, आणि त्या पुरेशा आहेत.

हातात किती येते याचा हिशेब मुलाखतीपूर्वीच करून ठेवावा. समजा इंग्लंडमध्ये ४८,००० पौंडांची जागा आहे आणि विद्यापीठ यूएसएस या निवृत्तियोजनेत आहे. सध्याच्या दराने कर्मचाऱ्याचा हिस्सा ६.१ टक्के, म्हणजे २,९२८ पौंड. उरलेल्या रकमेतून १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा वजा केल्यावर त्यावर २० टक्क्यांनी सुमारे ६,५०० पौंड प्राप्तिकर होतो, आणि नॅशनल इन्शुरन्स या सामाजिक विम्याचे ८ टक्क्यांनी सुमारे २,८३० पौंड. वर्षाकाठी हाती सुमारे ३५,७०० पौंड, महिन्याला तीन हजारांना थोडे कमी. स्कॉटलंडमध्ये प्राप्तिकराचे टप्पे वेगळे आहेत. निवृत्तियोजनेत मालक स्वतःकडून आणखी १४.५ टक्के घालतो. ही रक्कम दिसत नाही, म्हणून ती कोणी मोजत नाही. १९९२ नंतर विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थांत बहुधा शिक्षकांची वेगळी निवृत्तियोजना असते.

व्हिसाचा खर्च हा ब्रिटनमधला सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे. आरोग्य अधिभार प्रौढ व्यक्तीला वर्षाला १,०३५ पौंड आणि अठरा वर्षांखालील मुलाला ७७६ पौंड आहे, आणि तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा एकरकमी, आगाऊ भरावा लागतो. नवरा-बायको आणि दोन मुले तीन वर्षांसाठी निघाली तर नुसता अधिभार १०,८६६ पौंड होतो. वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे ही तीन महिन्यांहून अधिक काळाची हाती येणारी कमाई झाली. काही विद्यापीठे हा खर्च अंशतः किंवा पूर्ण भरून देतात, काही बिनव्याजी कर्ज देतात, काही हात वर करतात. त्यांचे धोरण मनुष्यबळ विभागाच्या पानावर शोधावे आणि तिथे नसेल तर बोलणीत हा पहिला मुद्दा ठेवावा, कारण शिडीचा बिंदू हलवण्यापेक्षा हा खर्च मान्य करणे विभागप्रमुखाला सोपे जाते.

जर्मनी: मुलाखतीत पगार बोलायचाच नाही

जर्मनीत प्राध्यापकांच्या निवडीतील व्याख्यानाला बोलीभाषेत ‘फोरझिंगेन’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘गाऊन दाखवणे’. आपल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाशी त्याचे साम्य तिथे जाऊन आलेल्या प्रत्येकाला जाणवते. या टप्प्यावर पगाराचा उल्लेख केला तर तो नवखेपणाचा मानला जातो. निवड झाल्यावर विद्यापीठाकडून ‘रुफ’, म्हणजे औपचारिक पाचारण येते, आणि त्यानंतर पगार, सहायक, प्रयोगशाळा व निधी यांची रीतसर वाटाघाट होते. अभ्यास मात्र आधीच करायचा, कारण पाचारण आल्यावर वेळ थोडा असतो.

प्राध्यापकांचे वेतन डब्ल्यू-१, डब्ल्यू-२ आणि डब्ल्यू-३ अशा तीन श्रेणींत आहे. २००२ च्या कायद्याने जुन्या ‘सी’ श्रेणींच्या जागी त्या आल्या. मूळ पगार ठरलेला आणि त्यावर कामगिरीनुसार भत्ते, अशी रचना. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी जर्मनीच्या घटना न्यायालयाने हेसे राज्यातील एका प्राध्यापकाच्या प्रकरणात डब्ल्यू-२ चा मूळ पगार घटनेला धरून नसल्याचा, म्हणजे अपुरा असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर राज्यांनी मूळ पगार वाढवले आणि हेसे, बव्हेरियासारख्यांनी अनुभवाच्या पायऱ्या आणल्या. सोळा राज्यांचे सोळा तक्ते आहेत, म्हणून म्युनिकचा आकडा बर्लिनच्या मुलाखतीसाठी वापरू नये. राज्यनिहाय तक्ते आणि हाती येणारी रक्कम काढणारे गणकयंत्र जर्मन सार्वजनिक सेवेच्या माहितीपर संकेतस्थळांवर मिळते. पाने जर्मनमध्ये असली तरी ‘ब्रुटो’ म्हणजे कपातीपूर्वी आणि ‘नेटो’ म्हणजे कपातीनंतर, एवढे कळले की काम भागते.

खरा फरक पडतो तो नेमणूक ‘बेआम्टर’, म्हणजे शासकीय अधिकारी म्हणून होते की साध्या करारावर, याने. बेआम्टरला निवृत्तिवेतनाची आणि बेरोजगार विम्याची कपात नसते, त्यामुळे सारख्याच मूळ पगारावर हाती अधिक येते. प्राध्यापकपदासाठी परदेशी नागरिकालाही हा दर्जा देण्याची तरतूद आहे, पण राज्यागणिक वयाची मर्यादा असते, आणि पन्नाशीच्या आसपासच्या उमेदवाराने ती आधी तपासावी. प्राध्यापकांच्या खालची संशोधन-अध्यापनाची पदे बहुतेक राज्यांत टीव्ही-एल या सामूहिक करारातील ई-१३ श्रेणीत येतात. तिथे वाटाघाट होते ती मुख्यतः आधीचा अनुभव धरून कोणत्या पायरीवर बसवायचे याची, आणि जागा पूर्ण आहे की ६५ टक्क्यांची, हे जाहिरातीत न चुकता वाचावे.

इतर देश, थोडक्यात

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९९६ च्या कायद्यानुसार एक लाख डॉलर किंवा त्याहून अधिक पगार घेणाऱ्या सार्वजनिक कर्मचाऱ्यांची नावानिशी यादी दरवर्षी मार्चअखेर प्रसिद्ध होते. ही मर्यादा इतक्या वर्षांत बदललेली नाही, म्हणून आता पुष्कळ प्राध्यापक तिच्यात सापडतात. त्याहून उपयोगी पडतो तो विद्यापीठ आणि प्राध्यापक संघटना यांच्यातील करारनामा, कारण पदनिहाय किमान पगार आणि वार्षिक वाढ त्यात लिहिलेली असते. ऑस्ट्रेलियात विद्यापीठाचा एंटरप्राइज ॲग्रीमेंट, म्हणजे कर्मचाऱ्यांशी झालेला करार, वाचला की ‘ए’ ते ‘ई’ या पदपातळ्यांचे आकडे समोर येतात. तिथे बहुतेक विद्यापीठे निवृत्तिनिधीत १७ टक्के भरतात, पण मुदतीच्या नेमणुकीला तो दर लागू आहे की नाही हे विचारून घ्यावे. नेदरलँड्समध्ये सर्व विद्यापीठांचा एकच सामूहिक करार आहे. जाहिरातीतील मासिक आकड्यावर ८ टक्के सुट्टीभत्ता आणि ८.३ टक्के वर्षअखेरचा भत्ता वेगळा येतो, आणि बाहेरून येणाऱ्यांना काही वर्षे करसवलतही मिळू शकते. आखाती देशांत आकडे प्रसिद्ध होत नाहीत. तिथे पगारापेक्षा घर, मुलांची शाळा आणि वर्षातून एकदा मायदेशी जाण्याचे तिकीट यांची यादी मागावी.

रुपयांत नव्हे, घरभाड्यात मोजावे

परदेशी पगार रुपयांत मांडला की घरच्यांना आनंद होतो, त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. मी स्वतः दोनच भागाकार करतो: महिन्याची हाती येणारी रक्कम भागिले दोन खोल्यांच्या घराचे भाडे, आणि तीच रक्कम भागिले पाळणाघराचा खर्च. अमेरिकेचे गृहनिर्माण खाते दरवर्षी प्रत्येक परगण्यासाठी ‘फेअर मार्केट रेंट’ काढते. वीज-पाण्यासह धरलेले हे भाडे असे असते की शंभरातील चाळीस घरे त्याहून स्वस्त मिळतात. टेक्सास किंवा फ्लोरिडात पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, कॅलिफोर्नियात आहे, हे त्याच टिपणात लिहावे. विद्यापीठ आरोग्य विम्याच्या हप्त्यातील किती भाग कुटुंबासाठी उचलते, हे मनुष्यबळ विभागाच्या पानावरील तक्त्यात असते; एकट्या माणसाचा आणि चौघांच्या कुटुंबाचा हप्ता यांतला फरक पाहून पुष्कळांचे डोळे उघडतात. ओहायोसारख्या राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांत सोशल सिक्युरिटी या केंद्रीय निवृत्तियोजनेची कपात नसते आणि तिच्याऐवजी राज्याची निवृत्तियोजना असते. चार वर्षांत परतायचा विचार असेल तर मालकाचा हिस्सा आपल्या मालकीचा व्हायला किती वर्षे नोकरी लागते, हे पाहिल्याशिवाय ती योजना जमेस धरू नये. सामान हलवण्याचा खर्च विद्यापीठाने दिला तरी अमेरिकेत तो २०१८ पासून पगार म्हणून करपात्र आहे, तेव्हा दहा हजार डॉलर म्हटले की दहा हजार हाती येत नाहीत.

प्रत्यक्ष बोलणे

एवढा अभ्यास एका पानावर उतरवावा आणि त्यावर तीन आकडे लिहावेत: ज्याखाली जायचे नाही तो, जो मिळाला तर समाधान आहे तो, आणि जो मागायचा तो. तिन्ही आकड्यांपुढे ते कुठून आले याचा एकेक आधार असावा. ते पान मुलाखतीच्या खोलीत न्यायचे नाही, मनात न्यायचे.

अमेरिकेत मुलाखतीच्या दिवशी अधिष्ठात्यांबरोबर अर्ध्या तासाची भेट असते आणि तिथे ‘आपली अपेक्षा काय’ हा प्रश्न येऊ शकतो. आपण आकडा आधी उच्चारू नये. ‘या विभागात या पदावर गेल्या काही वर्षांत झालेल्या नेमणुकांशी सुसंगत असे वेतन मी अपेक्षितो, आपली कक्षा कळली तर बोलणे सोपे होईल’, अशा अर्थाचे उत्तर पुरते. सध्याचा पगार विचारला तर तो सांगण्याची सक्ती नाही. कॅलिफोर्नियात २०१८ पासून आणि न्यूयॉर्क राज्यात २०२० पासून मालकाने तो विचारणेच कायद्याने मना आहे. भारतातला पगार डॉलरमध्ये सांगण्याइतके नुकसानकारक दुसरे काही नाही, कारण तो ऐकल्यावर समोरच्याला आपला खालचा आकडाही औदार्याचा वाटू लागतो. आणि यादीत पाहिलेला कोणाचा पगार नाव घेऊन कधीही बोलून दाखवू नये. माहिती उघड असली तरी ती ज्याची आहे तो कदाचित त्याच टेबलाशी बसलेला असतो.

व्हिसाची बाब पगाराच्या आधी विचारावी. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क लावणारा अध्यक्षीय आदेश निघाला. तेव्हापासून भारतातून थेट येणाऱ्या उमेदवारासाठी विद्यापीठ कोणता व्हिसा काढणार हा प्रश्न औपचारिक उरलेला नाही.

विज्ञान आणि अभियांत्रिकीत पगारापेक्षा प्रयोगशाळा उभारण्याचा प्रारंभिक निधी कितीतरी मोठा असतो, आणि विभागप्रमुखाचा हात तिथे मोकळा असतो. पगारात तीन हजार वाढवून मागण्यापेक्षा पहिल्या दोन उन्हाळ्यांचा पगार, पहिल्या वर्षी एक तासिका-भार कमी, किंवा एका संशोधक विद्यार्थ्याचे वेतन मागितले तर होकार लवकर येतो. मानव्यशाखांत निधी नसतो, तिथे तासिका-भार आणि प्रवासखर्च हेच चलन. ब्रिटनमध्ये निवडीचा फोन पुष्कळदा त्याच दिवशी संध्याकाळी येतो; तेव्हा आनंदाच्या भरात ‘हो’ म्हणण्यापूर्वी ‘कोणत्या बिंदूवर?’ हा एक प्रश्न विचारता यावा, म्हणून तो सकाळीच कागदावर लिहून ठेवावा.

लेखी पत्र हाती आले की ते शब्दन् शब्द वाचावे: पगार किती महिन्यांच्या सेवेचा, पहिला हप्ता कधी, आरोग्य विमा कोणत्या तारखेपासून, उन्हाळ्याच्या पगाराचे आश्वासन किती वर्षांचे, नेमणूक व्हिसावर अवलंबून आहे का. तोंडी कबूल झालेली जी गोष्ट पत्रात नाही ती ई-मेलने विचारून उत्तरात लिहून घ्यावी. इकडच्या कायम पदाचा राजीनामा मात्र एवढ्यावर देऊ नये. आधी संस्थेकडे असाधारण रजा आणि धारणाधिकार, म्हणजे मूळ पदावर परतण्याचा हक्क, मिळतो का याची चौकशी करून अर्ज टाकावा, कारण तो व्यवस्थापनाकडून सहसंचालक कार्यालयापर्यंत जाऊन यायला व्हिसापेक्षाही जास्त वेळ लागू शकतो.